चाक फिरते, गाडी हलत नाही



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी विषय विचारला, तेव्हा मी वेतन, बोनस किंवा महागाई यांपैकी काहीतरी सांगेन अशी त्यांची कल्पना असावी. मी म्हटले, मोटारीच्या चाकाविषयी बोलेन. त्यावर ते जरा थबकले. पण हा मे महिना सरला की पाऊस येईल, आणि पाऊस आला की आपल्या गावातली कितीतरी कुटुंबे मोटारीत बसून घाट उतरतील आणि पुन्हा चढतील, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिले, तेव्हा विषय मुक्रर झाला.

मी अभियंता नाही. ऐन तारुण्यात एका गॅरेजात हाताखाली काम केले, पुढे चालक, फिटर आणि क्लीनर यांच्या संघटनेत पडलो तो आजवर तेथेच आहे. पुस्तकी ज्ञान म्हणाल तर जुन्या बाजारातली इंग्रजी पुस्तके आणि शेजारी शब्दकोश, एवढीच माझी शाळा. तेव्हा मी जे सांगणार आहे ते एकतर हाताने तपासलेले आहे किंवा कागदावर हिशेब मांडून पटवून घेतलेले आहे.

तीस वर्षांपूर्वी उंच, सात माणसांची गाडी म्हटली की डोळ्यांपुढे जीप किंवा १९९४ साली आलेली सुमो येई. वडापाला, लग्नाच्या वऱ्हाडाला, नाहीतर सरकारी साहेबांच्या दौऱ्याला ती लागे. आज तशाच उंचीची, पण आतून दिवाणखान्यासारखी गाडी मध्यमवर्गीयाच्या दारात उभी असते आणि तिला सर्वजण एसयूव्ही म्हणतात. गाडी उंच आहे, टायर रुंद आहेत, म्हणून ती चिखलातून, शेवाळातून, कोठूनही जाईल असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अशा गाड्यांपैकी बहुतेकींत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो. उंचीमुळे गाडी खड्ड्यात टेकत नाही, एवढाच तिचा लाभ. पकड ही निराळी गोष्ट आहे.

मग श्रावणात एखाद्या वळणावर चाक जागच्या जागी फिरू लागते, गाडी पुढे जात नाही, आणि आत बसलेली मंडळी एकदम गप्प होतात. पुढे ती गाडी गॅरेजात जाते. कोणी क्लच बदलतो, कोणी सेन्सर बदलतो, बिल भरमसाट येते आणि पुढच्या पावसात पुन्हा तेच. किंवा गाडी भाड्याची असेल तर एका वाक्यात निकाल लागतो : चालकाला चालवता येत नाही. या निकालापायी किती घरांत पगार कमी गेला आहे हे मी जवळून पाहिले आहे, म्हणून या विषयाकडे मी केवळ यंत्राचा विषय म्हणून पाहू शकत नाही.

प्रथम पकड म्हणजे काय ते पाहू. उभ्या मोटारीचे प्रत्येक चाक रस्त्याला जेथे टेकते, ती जागा मोठ्या माणसाच्या तळहाताएवढी, फार तर थोडी अधिक असते. म्हणजे दोन हजार किलोंची गाडी, तिच्यातली आजी, नातवंडे आणि टपावरच्या बॅगा या सर्वांचा रस्त्याशी संबंध चार तळहातांपुरता. चढणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही क्रिया त्यांतूनच होतात. कोरड्या डांबरावर चाकावरच्या भाराच्या साधारण सात-आठ दशांश एवढा जोर ते चाक रस्त्याला लावू शकते. ओल्या डांबरावर तो निम्म्याजवळ येतो. आणि तांबडी माती किंवा शेवाळ असेल तर पाव हिश्श्यावर किंवा त्याहून खाली. पहिल्या पावसाचा रस्ता विशेष वाईट असतो, कारण उन्हाळाभर सांडलेले तेल आणि रबराची बारीक भुकटी पाण्यावर तरंगून वर येते. साखर कारखान्याच्या आसपास मळी सांडलेली असली तर मग विचारूच नका.

दुसरी एक गोष्ट घरच्या घरी अनुभवता येते. लोखंडी कपाट ढकलताना ते जागचे हलेपर्यंत जोर लागतो. एकदा घसरू लागले की कमी जोरात घसरते. चाकाचेही तसेच. जोवर चाक रस्त्यावर टेकून लोळते आहे तोवर पकड अधिक. एकदा ते जागी भिरभिरू लागले की आहे ती पकडही घटते, शिवाय खालचा चिखल लोण्यासारखा गुळगुळीत होतो. म्हणून चाक फिरू लागल्याबरोबर घाबरून अधिक रेस देणे हा सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत निरुपयोगी उपाय होय.

आता निदानाकडे येऊ. ‘गाडी पकड सोडते’ ही तक्रार एक आहे, पण तिच्या पोटी तीन निरनिराळे रोग असू शकतात. आणि ते ओळखायला पैसा लागत नाही. घटना घडली त्या वेळी तीन गोष्टी काय करीत होत्या एवढे आठवायचे : इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, चाक, आणि समोरचा पिवळा दिवा.

काटा वर गेला आणि चाकही जागी फिरले, तर जोर चाकापर्यंत पोहोचला आहे, रस्त्याने तो घेतला नाही. दोष टायरचा, भाराचा किंवा जमिनीचा. क्लचला हात लावण्याचे कारण नाही.

काटा वर गेला, इंजिन ओरडले, पण चाक फिरलेच नाही, तर जोर वाटेत कोठेतरी गळतो आहे. बहुधा क्लचची प्लेट झिजलेली असते. जळक्या वासावरून तो संशय बळावतो. याची जुनी परीक्षा आजही खरी आहे. सपाट मोकळ्या जागेत, समोर कोणी नसताना, हँडब्रेक पक्का ओढून आणि पायाखालचा ब्रेक दाबून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन गुदमरून बंद पडते. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही परीक्षा एकदाच करावी, कारण दर वेळी प्लेट थोडी जळते. क्लच ठीक निघाला तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा पाहावा. तो आतून सुटला असेल तर गिअर पडूनही गाडी जागची हलत नाही.

आणि तिसरा प्रकार : पेडल दाबले तरी काटा वर जात नाही, चाकही फिरत नाही, गाडी नुसती गुरगुरत बसते. येथे जोर मुद्दाम रोखून धरला आहे, आणि तो रोखणारा म्हणजे गाडीतला संगणक. त्याच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

पहिला प्रकारच सर्वांत अधिक आढळतो, म्हणून त्यात जरा खोल जातो. आपल्यापैकी ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना जू ठाऊक आहे. जू मध्यावर बांधलेले असते. एका बैलाचा पाय घसरला आणि त्याने ओढ सोडली की जू तिरके होते आणि दुसरा बैल कितीही धट्टाकट्टा असला तरी त्याचा जोर गाडीला लागत नाही. मोटारीत हेच काम डिफरेन्शियल करतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा पल्ला मारावा लागतो, म्हणून दोन्ही चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणे हा त्याचा गुण. पण तो दोन्हीकडे सारखाच जोर वाटतो, हाच त्याचा दोष. एक चाक शेवाळावर असेल आणि ते फक्त पंचवीस किलोंचाच जोर घेऊ शकत असेल, तर कोरड्या डांबरावरच्या दुसऱ्या चाकालाही पंचवीसच मिळतात. दुबळ्या चाकाची दुप्पट, एवढीच सगळ्या गाडीची ताकद. म्हणून घाटात एकच चाक भिरभिरताना दिसते आणि पाहणारे म्हणतात, या चाकात काही बिघाड आहे. बहुधा त्या चाकात काही नसते. ते कोठे उभे आहे हे पाहावे.

आता भाराचा हिशेब. हा भाग मी मुद्दाम आकडे घालून सांगतो, कारण त्याने पुष्कळ भांडणे मिटतात. सोयीसाठी गाडी रिकामी असता १६०० किलो, आणि माणसे व सामान भरून २१०० किलो धरू. चढ आठास एक, म्हणजे आठ मीटर गेल्यावर एक मीटर वर. असा चढ चढायला वजनाच्या साधारण एक अष्टमांश जोर लागतो : रिकाम्या गाडीला २०० किलो, भरलेल्या गाडीला २६२. रस्त्यावर तांबडा चिखल आहे आणि तो भाराच्या पाव हिश्श्याएवढीच पकड देतो असे समजू; चिखलाचा स्वतःचा विरोध या हिशेबात धरलेला नाही.

पुढची चाके ओढणारी गाडी घ्या. इंजिन पुढे असल्याने रिकामी असताना चढावर पुढच्या चाकांवर ९१० किलोंच्या आसपास भार राहतो. त्याचा पाव हिस्सा २२८. गरज २०० ची. गाडी चढते. आता मागच्या दोन रांगांत माणसे बसली, डिकीत बॅगा आणि तांदळाचे पोते आले. वाढलेले वजन बहुतेक मागे जाते, आणि चढावर गाडीचा तोल आणखी मागे कलतो. २१०० पैकी पुढे ९८० किलोच राहिले, तर पाव हिस्सा झाला २४५. गरज २६२ ची. गाडी चढत नाही. तीच माणसे, तोच चढ, पण मागची चाके ढकलणारी गाडी असेल, तर मागे ११२० किलो भार येतो, पाव हिस्सा २८०, आणि गाडी चढून जाते. चारही चाकांना जोर असेल तर ५२५ किलो हाताशी असतात आणि प्रश्नच उरत नाही.

या हिशेबावरून एक गोष्ट उलगडते. सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी इनोव्हा या सर्व मागची चाके ढकलणाऱ्या गाड्या. त्यांवर वीस वीस वर्षे काढलेले चालक घाटात चाक फिरू लागले की माणसांना मागे बसायला सांगत, आणि ते बरोबर होते. पुढे क्रेटासारख्या पुढची चाके ओढणाऱ्या गाड्या घरोघर आल्या; इनोव्हाच्या नावाचीच हायक्रॉस ही गाडी २०२२ च्या अखेरीस आली तीही पुढच्या चाकांची. तेथे जुना उपाय उलटा पडतो. अशा गाडीत घसरण असेल तर मागच्या रांगेतल्या मंडळींना खाली उतरवावे, डिकीतले जड सामान काढून पुढच्या आसनांजवळ ठेवावे. नव्या गाडीच्या किल्ल्या हातात देताना मालक चालकाला एसीची बटणे दाखवतो. जोर कोणत्या चाकांना आहे हे सांगणारा मालक मला अद्याप भेटायचा आहे.

येथे एक मामला सांगतो, कारण त्यात निदानाचे जवळजवळ सर्व भाग एकत्र आले आहेत. २०१९ च्या पावसाळ्यात पर्यटनासाठी गाड्या देणाऱ्या एका मालकाकडचा चालक आमच्याकडे आला. सात जणांचे कुटुंब घेऊन तो कोकणातून घाट चढत होता. डाव्या हाताच्या तीव्र वळणावर पुढचे डावे चाक फिरू लागले, गाडी थांबली आणि ओल्या रस्त्यावरून मागे घसरत कठड्याला टेकली. सुदैवाने माणसे बचावली. मागचा दरवाजा आणि बंपर गेला. मालकाने निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्याच्या पगारातून दुरुस्तीचे पैसे कापायला सुरुवात केली. त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात अशी कपात करण्यापूर्वी कामगाराला आपली बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक होते, आणि नुकसान थेट त्याच्याच हयगयीमुळे झाले असेल तरच कपात करता येत होती. तेव्हा प्रश्न कायद्याचा होताच, पण त्याआधी तो यंत्राचा होता : हयगय कोणाची?

आम्ही एका निवृत्त मेस्त्रींना घेऊन गाडी पाहायला गेलो. बाहेरून टायर बरे दिसत होते. मेस्त्रींनी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवायला लावले आणि डाव्या चाकाची आतली कड बॅटरीने दाखवली. बाहेरच्या कडेला खोल नक्षी, आणि आतली कड घोटून गुळगुळीत. खालच्या आर्मचा रबरी बुश फुटला होता, त्यामुळे चाक तिरके चालत होते आणि आतली कड रोज घासली जात होती. दुसरे, घसरत्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा इंजिन चालू करताच लागला तो लागूनच राहिला. त्याच्या सोबत एबीएसचाही दिवा. स्कॅनरने सांगितले, पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा मार्ग तुटलेला. वायर चाकाजवळच्या वळणावर घासून तुटली होती. म्हणजे ज्या क्षणी ते चाक फिरू लागले, त्या क्षणी त्याला आवरणारी यंत्रणा झोपलेली होती. आणि तिसरे, जे सर्वांत महत्त्वाचे ठरले : गाडीच्या नोंदवहीत त्याच चालकाच्या अक्षरात दोन निरनिराळ्या तारखांना ‘पिवळा दिवा लागतो’ अशी नोंद होती. वहीचे ते पान पुढे ठेवल्यावर बोलणे फार लांबले नाही. कापलेले पैसे परत मिळाले. तेव्हापासून आमच्या सभासदांना मी सांगत आलो आहे की दिव्याची तक्रार तोंडी करू नका.

या मामल्यातून टायरकडे वळतो. प्रत्येक टायरच्या खोबणीत परिघावर ठरावीक अंतराने रबराचे आडवे उंचवटे असतात. बाजूच्या भिंतीवर ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे किंवा लहान त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत पाहिले की ते सापडतात. झीज त्या उंचवट्याच्या पातळीला आली म्हणजे नक्षी १.६ मिलिमीटर उरली, आणि मोटारीच्या बाबतीत आपल्या नियमांनी घातलेली हीच किमान मर्यादा आहे. माझे मत विचाराल तर घाटात जाणाऱ्याने तेथवर थांबू नये. खोबणीचे काम पाणी बाहेर काढण्याचे; ती उथळ झाली की पाणी टायरखाली साचते, आणि मोकळ्या महामार्गावर वेगात असताना गाडी पाण्यावर तरंगू लागते. स्टिअरिंग एकाएकी हलके लागणे ही त्याची खूण.

झिजेचा नमुना हे टायरचे आत्मचरित्रच असते. मध्यभाग झिजला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. एकच कड झिजली तर अलाइनमेंट किंवा बुश. ठिकठिकाणी खळगे पडले असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेले आहेत आणि चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उड्या मारीत चालले आहे. हात फिरवूनही हे कळते. हवा किती भरावी हे चालकाच्या दारापाशी खांबावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. ती टायर थंड असताना मोजायची. अ‍ॅव्हरेज वाढावे म्हणून त्याहून पाच-सात पौंड अधिक हवा भरणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचे इंधन किती वाचते ते त्यांनाच ठाऊक, पण ओल्या चढावर त्यांचा तळहात आणखी लहान होतो. टायरचे वयही पाहावे. भिंतीवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो : ‘२३१९’ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कमी फिरलेल्या घरगुती गाडीत नक्षी शाबूत आणि रबर मात्र दगडासारखे कडक झालेले, असे फार आढळते. गाडी दारात उभी राहिली म्हणून रबराचे वय थांबत नाही.

आता संगणक. भारतात १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्यासाठी प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. पुष्कळ गाड्यांत त्याच सेन्सरांच्या आधारे आणखी एक काम होते : एक चाक बाकीच्यांपेक्षा वेगाने फिरताना दिसले की यंत्रणा इंजिनाचा जोर कमी करते आणि फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक आपण होऊन दाबते. ब्रेक दाबला की त्या चाकालाही जोर लागू लागतो, आणि डिफरेन्शियल सारखाच वाटा देत असल्याने दुसऱ्या, चांगल्या जागी असलेल्या चाकालाही तो मिळतो. घसरणाऱ्या बैलाला गाडीवानाने मागून धरून उभे करावे, तसे. याला ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात. त्याचा दिवा लुकलुकला तर यंत्रणा काम करते आहे, घाबरण्याचे कारण नाही. दिवा स्थिर राहिला तर एकतर कोणी बटणाने ती बंद केली आहे किंवा तिच्यात बिघाड आहे. एवढा एक भेद घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असावा.

बिघाड असेल तर स्कॅनर लावणे योग्य, पण स्कॅनर काय सांगतो ते नीट ऐकावे. ‘अमुक चाकाच्या सेन्सरचा मार्ग’ असे तो म्हणतो. सेन्सर बदला असे म्हणत नाही. घाईने नवा सेन्सर घालणारा मेस्त्री आणि अंगठा दाबून घेणारा सावकार यांत मला फारसा फरक दिसत नाही. आधी चिखल धुवावा. वायर चाकाच्या वळणावर घासली आहे का, उंदराने कुरतडली आहे का ते पाहावे. मग गाडी हळू चालवून स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकत्र पाहावेत. ज्याचा आकडा मध्येच शून्यावर येतो तो गुन्हेगार. हल्ली अनेक गाड्यांत सेन्सर ज्या चुंबकी कड्यावरून वेग वाचतो ते कडे चाकाच्या बेअरिंगमध्येच एका बाजूला बसवलेले असते. बेअरिंग बदलताना ते उलटे बसले की सर्व काही नवे असूनही दिवा विझत नाही. बसवण्यापूर्वी लोखंडाचा बारीक कीस जवळ नेऊन पाहावा. ज्या बाजूला तो चिकटतो ती सेन्सरकडे हवी. आणि बेअरिंग प्रेसने बसवावे, हातोड्याने नव्हे, कडे तडकते. अलाइनमेंट केल्यानंतर दिवा लागू लागला, तर बहुधा स्टिअरिंगचा मध्य संगणकाला नव्याने सांगायचा राहिला आहे. ते काम स्कॅनरनेच होते, सुटा भाग लागत नाही.

संगणकाला फसवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे निरनिराळ्या मापाचे टायर. लहान घेराचे चाक अधिक फेऱ्या करते, आणि संगणक समजतो की ते घसरते आहे. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत तर याने प्रत्यक्ष नुकसान होते. अशा कौटुंबिक गाड्यांत मागच्या चाकांना जोर देणारा एक कपलिंग असतो. पुढचे-मागचे घेर जुळले नाहीत तर तो सपाट रस्त्यावरही सतत घासत राहतो, तापतो आणि शेवटी साथ सोडतो. गाडी नेहमीसारखी चालते, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो चिखलात. परीक्षा सोपी आहे : मोकळ्या खडीवर गाडी उभी करावी, एका माणसाने लांब बाजूला उभे राहावे, चालकाने जरा जोरात गाडी काढावी. मागची चाकेही खडी उडवतात का ते पाहावे. दोन चाके जॅकवर उचलून इंजिन चालवण्याची परीक्षा मात्र कधी करू नये. उरलेल्या दोन चाकांना जोर मिळाला की गाडी जॅकवरून उडी मारते, आणि तिच्यापुढे बहुधा गॅरेजातला सर्वांत लहान पोरगा उभा असतो.

प्रत्यक्ष अडकल्यावर काय करावे ते थोडक्यात. पाय पेडलवरून काढा. चाके सरळ करा, कारण वळलेले चाक आपली निम्मी पकड वळण्यात खर्च करते. दुसऱ्या गिअरमध्ये हळू सुटा. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवूनच प्रयत्न करा. गाडी नुसती गुरगुरत बसली, म्हणजे संगणक जोर देतच नसेल, तर खोल चिखलापुरते बटण दाबून तो बंद करा आणि डांबरावर आल्यावर आठवणीने चालू करा. जोराच्या चाकांपुढे गोणपाट, खडी, वाळलेले पाचट, काहीही घाला. तेही साधले नाही आणि गाडी मागे सरकू लागली, तर ब्रेक धरून मागच्या चाकांना दगड लावा. तो लावणाऱ्याने बाजूने जाऊन लावायचा. मागे उभे राहून नव्हे. चाकाखालचे गोणपाट किंवा दगड मागे बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. हे काम नेहमी क्लीनरला सांगितले जाते, म्हणून हे वाक्य मी दर सभेत सांगतो.

व्याख्यान संपल्यावर एका भगिनींनी विचारलेला प्रश्न आणि त्याचे उत्तर येथे जोडतो. पुढची चाके ओढणारी गाडी आहे, चढावर पुढची चाके फिरतात, आणि दोनच नवे टायर घ्यायची ऐपत आहे. ते पुढे घालावे की मागे? मन म्हणते पुढे. तरीही नवे टायर मागेच घालावेत आणि मागचे बरे असतील तर पुढे आणावेत. पुढची चाके फिरली तर गाडी चढत नाही, थांबते. चालकाला ते हाताला कळते, पाय काढला की पकड परत येते. मागची चाके ओल्या वळणावर सुटली तर गाडीची शेपूट फिरते, आणि ती सावरण्याइतका वेळ बहुतेकांना मिळत नाही. मागचे जुने टायर पुढे आणण्याच्या लायकीचे नसतील, तर दोन टायर घेऊन भागणार नाही. घाटाची ती फेरी दोन महिने पुढे ढकलावी आणि चारही घ्यावेत.